मागे जायची वाट कुणी शोधली?

मित्राने पाठवलेली बातमीची लिंक तुम्ही फोनवर उघडता. बातमीत एका गावाचं नाव येतं, त्यावर बोट टेकवता आणि नकाशा उघडतो. नकाशात गावच्या तलावाचा फोटो दिसतो, तो मोठा करून बघता. मग मागे जायचं बटण दाबत सुटता. आधी फोटो मिटतो, मग नकाशा, मग बातमी. शेवटी मित्राशी चाललेल्या गप्पा समोर येतात, बरोबर जिथे सोडल्या होत्या तिथे. आपण कुठून कुठे भरकटलो हे आपल्याला आठवत नसलं तरी फोनला आठवतं.

यासाठी फोनला फार हुशारी लागत नाही. नवीन पडदा उघडला की तो आधीच्या पडद्यावर ठेवायचा आणि मागे जायचं म्हटलं की सगळ्यात वरचा काढून टाकायचा, एवढंच. अँड्रॉइडच्या भाषेत याला 'बॅक स्टॅक' म्हणतात. स्टॅक म्हणजे आपली उतरंड. जुन्या घरांत मडक्यांवर मडकी रचलेली असत. सगळ्यात खालच्या मडक्यातलं धान्य हवं असेल तर वरची एकेक करून उतरवावी लागत. मधलंच मडकं ओढलं तर काय होतं हे कुणाला सांगायला नको. जे शेवटी ठेवलं ते आधी निघतं. वर ठेवण्याला प्रोग्रामर 'पुश' म्हणतात आणि वरचं उचलण्याला 'पॉप'.

इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत 'लास्ट इन, फर्स्ट आउट' एवढं म्हटलं की या विषयावरचा प्रश्न संपतो. उतरंड तर माणसाला शेकडो पिढ्या माहीत होती. तरीही संगणकात ती तीन वेगवेगळ्या देशांतल्या माणसांना स्वतंत्रपणे सुचावी लागली. तिच्या जोरावर एका भाषेत झालेल्या बदलाला 'कट' म्हटलं गेलं. आणि ती तयार माल म्हणून लायब्ररीत ठेवताना झालेली एक चूक आजही तशीच आहे, काढता येत नाही म्हणून.

लोखंडी कपाटातलं ग्रंथालय

मे १९४९ मध्ये इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठात एडसॅक हा संगणक सुरू झाला. त्यावरचे प्रोग्राम कागदी फितीवर भोकं पाडून लिहावे लागत. वर्गमूळ काढणं, आकडे छापणं ही कामं प्रत्येकालाच लागायची. दर वेळी ती नव्याने लिहिण्यापेक्षा एकदा नीट लिहून, तपासून ठेवावीत असं ठरलं. अशा तयार तुकड्यांच्या फिती एका लोखंडी कपाटात ठेवलेल्या असत. हवी ती फीत काढायची, आपल्या प्रोग्रामच्या फितीवर तिची नक्कल उतरवायची आणि परत ठेवायची. प्रोग्रामिंगमधला 'लायब्ररी' हा शब्द तेव्हा अक्षरशः खरा होता.

या तुकड्यांमुळे एक नवाच प्रश्न आला. तुमचा प्रोग्राम वर्गमूळाच्या तुकड्यात शिरला, काम झालं, आता परत कुठे जायचं? आज तो पहिल्या पानावरून आला असेल, उद्या दहाव्या. डेव्हिड व्हीलर या तरुणाने युक्ती काढली. शिरतानाच 'मी अमुक जागेवरून आलो' हे सांगायचं आणि तुकड्याने आपल्या शेवटच्या ओळीत परतीचा पत्ता लिहून ठेवायचा. युक्ती चालली आणि तिला 'व्हीलर जंप' असं नाव पडलं.

पण पत्ता लिहायला जागा एकच. पंचतंत्र आठवा. गोष्टीतलं एक पात्र दुसरी गोष्ट सांगायला लागतं, तिच्यातलं पात्र तिसरी. तिसरी संपली की दुसरीत यायचं, दुसरी संपली की पहिलीत. आता समजा, प्रोग्रामचा एक तुकडा काम करता करता पुन्हा स्वतःलाच बोलावतो. नवा पत्ता जुन्या पत्त्यावर लिहिला जातो आणि बाहेरच्या गोष्टीत परतायची वाट पुसली जाते. स्वतःला बोलावणाऱ्या या प्रकाराला 'रिकर्शन' म्हणतात, आणि व्हीलरच्या युक्तीत त्याला जागा नव्हती.

गंमत म्हणजे उत्तर त्याआधीच कागदावर उतरलं होतं. १९४५च्या अखेरीस ॲलन ट्युरिंग यांनी लंडनजवळच्या टेडिंग्टन इथल्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीसाठी 'एस' या नियोजित संगणकाचा आराखडा लिहिला. त्यात त्यांनी म्हटलं होतं की उपकामाला जाताना मुख्य काम कुठे सोडलं याची चिठ्ठी करून ठेवावी, आणि अशा सगळ्या चिठ्ठ्या एकाच यादीत असाव्यात, ताजी सगळ्यात शेवटी. चिठ्ठी ठेवण्याला त्यांनी नाव दिलं 'बरी', म्हणजे पुरणे, आणि काढण्याला 'अनबरी', म्हणजे उकरणे. पुश आणि पॉपची ही पहिली नावं. ट्युरिंग लवकरच ती प्रयोगशाळा सोडून गेले आणि चिठ्ठ्यांची ही यादी त्या आराखड्यातच राहिली.

म्युनिकचं तळघर

आता वेगळा प्रश्न. शाळेत आपण 'कंचेभागुबेव' पाठ केलं: आधी कंस, मग भागाकार, गुणाकार आणि शेवटी बेरीज, वजाबाकी. २ + ३ × ४ हे गणित दिलं तर आपण आधी ३ × ४ करतो, कारण सगळं गणित एकदम डोळ्यांसमोर असतं. संगणक डावीकडून उजवीकडे एकेक चिन्ह वाचतो. २ वाचलं, अधिक वाचलं, ३ वाचलं. बेरीज करून टाकायची की थांबायचं?

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमधले हाइन्झ रुटिसहाउसर यांनी यावर एक उत्तर दिलं होतं. गणित पूर्ण वाचा, सगळ्यात आतला कंस शोधा, सोडवा, पुन्हा पहिल्यापासून वाचा, पुन्हा सगळ्यात आतला कंस शोधा. उत्तर बरोबर यायचं, पण लांब गणितात त्याच त्या फेऱ्या मारत बसावं लागायचं.

जर्मनीत म्युनिकच्या तंत्रविद्यापीठात फ्रीडरिश बावर आणि क्लाउस झामेलझोन हे दोघे यावर काम करत होते. त्यांना १९५५च्या सुमारास सुचलेली कल्पना अशी: जे आत्ता करता येत नाही ते बाजूला ठेवा, पण अशा रीतीने ठेवा की शेवटी ठेवलेलं सगळ्यात आधी हाताला लागेल. त्यासाठी त्यांनी दोन 'केलर' कल्पिले. केलर म्हणजे तळघर. एक आकड्यांचं तळघर, एक क्रियांचं.

२ + ३ × ४ चंच बघू. २ वाचला, आकड्यांच्या तळघरात टाकला. अधिक वाचलं, क्रियांच्या तळघरात टाकलं. ३ आकड्यांत. आता गुणिले आलं. क्रियांच्या तळघरात वर अधिक आहे, पण गुणाकाराचा मान मोठा, म्हणून अधिकला थांबवून गुणिले त्याच्यावर ठेवलं. ४ आकड्यांत. गणित संपलं. आता वरून उपसायला सुरुवात. वरची क्रिया गुणिले, वरचे दोन आकडे ४ आणि ३, उत्तर १२, ते परत आकड्यांच्या तळघरात. पुढची क्रिया अधिक, आकडे १२ आणि २, उत्तर १४. गणित एकदाच वाचलं आणि मागे वळून कुठेही बघावं लागलं नाही. शाळेतलं कंचेभागुबेव दोन तळघरांत बसलं.

३० मार्च १९५७ रोजी दोघांनी या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला. उतरंडीचं पेटंट! ऐकायला विचित्र वाटतं, पण अर्ज उतरंडीचा नव्हता, तिच्या आधाराने गणित सोडवणाऱ्या यंत्राचा होता. जर्मन भाषेतल्या संगणकशास्त्रात आजही स्टॅकवर चालणाऱ्या काल्पनिक यंत्राला 'तळघराचं यंत्र' अशा अर्थाचाच शब्द आहे. १९८८ मध्ये या कामासाठी बावर यांना आयईईई संस्थेचा संगणक क्षेत्रातल्या आद्य प्रवर्तकांसाठीचा पुरस्कार मिळाला. झामेलझोन १९८०मध्येच वारले होते.

सिडनीचा तत्त्वज्ञ

म्युनिकमध्ये पेटंटचे कागद गेले त्याच वर्षी, जूनमध्ये, ऑस्ट्रेलियातल्या एका परिषदेत चार्ल्स हॅम्ब्लिन नावाच्या माणसाने जवळपास हीच कल्पना मांडली. हॅम्ब्लिन मूळचे तत्त्वज्ञानाचे आणि तर्कशास्त्राचे अभ्यासक. पोलंडचे तर्कशास्त्रज्ञ यान वुकाशेविच यांनी १९२०च्या दशकात कंसांशिवाय सूत्रं लिहायची पद्धत काढली होती, त्यात चिन्ह आधी आणि आकडे नंतर. हॅम्ब्लिननी ती उलटी केली: आकडे आधी, चिन्ह नंतर. २ ३ ४ × + असं लिहिलं की कंसही नकोत आणि कंचेभागुबेवही. आकडा आला की उतरंडीवर ठेवा, चिन्ह आलं की वरचे दोन उचला, उत्तर परत ठेवा.

हॅम्ब्लिन यांच्या विद्यापीठातला संगणक इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचा 'ड्यूस' होता, आणि ड्यूस हा ट्युरिंगच्या त्याच 'एस'च्या घराण्यातला. तिथे पुरलेली कल्पना सिडनीत पुन्हा उगवली, तीही वेगळ्याच बियाण्यातून. पुढे इंग्लिश इलेक्ट्रिकने 'केडीएफ ९' या संगणकात सोळा घरांची उतरंड थेट यंत्रातच बसवली. अमेरिकेत बरोज कंपनीने १९६१ मध्ये जाहीर केलेला 'बी ५०००' तर स्टॅकभोवतीच रचलेला होता. १९७२ मध्ये ह्युलेट पॅकार्डचा 'एचपी ३५' हा खिशात मावणारा कॅल्क्युलेटर आला. त्यात चार घरांची उतरंड होती आणि बरोबरचं बटणच नव्हतं.

ॲमस्टरडॅमहून आलेला फोन

जानेवारी १९६० मध्ये पॅरिसमध्ये तेरा जण जमले आणि अल्गोल ६० ही भाषा त्यांनी ठरवली. आज आपण वापरतो त्या बहुतेक भाषांची ती पणजी. बावर आणि झामेलझोन त्या तेरा जणांत होते. रिकर्शनला भाषेत स्वतंत्र खूण असावी असा प्रस्ताव बैठकीत आला आणि मतदानात पडला. अहवाल लिहायचं काम डेन्मार्कच्या पीटर नाऊर यांच्याकडे होतं.

फेब्रुवारीत नाऊर यांना ॲमस्टरडॅमहून फोन आला. फोनवर होते तिथल्या गणित केंद्राचे आद्रियान फान वाइनगार्डन आणि त्यांचा तरुण सहकारी एड्सगर डायक्स्ट्रा. त्यांचं म्हणणं होतं की अहवालात एक वाक्य घाला: एखाद्या कृतीच्या आत तिचंच नाव आलं तर ती पुन्हा बोलावली असं समजावं. नाऊर यांना ते पटलं आणि वाक्य गेलं. खुणेची गरज नाही, बंदीही नाही, म्हणजे रिकर्शनला मुभा. बावर यांनी पुढे याला 'ॲमस्टरडॅमचा कट' म्हटलं.

म्हणजे तळघराची कल्पना काढणारा माणूसच तळघराच्या सगळ्यात धाडसी वापरावर नाराज. त्यामागे भांडखोरपणा नव्हता. तेव्हाचे संगणक लहान आणि मंद होते. प्रत्येक तुकड्याच्या आकड्यांना आधीच ठरलेली जागा दिली की काम झटपट व्हायचं. रिकर्शन म्हटलं की तुकडा किती वेळा स्वतःला बोलावेल हे आधी कळत नाही, म्हणून प्रत्येक वेळी नवी जागा द्यावी लागते, आणि ती प्रोग्राम चालू असतानाच. कधीमधी लागणाऱ्या सोयीसाठी रोजच्या कामाचा वेग का घालवायचा, हा प्रश्न रास्त होता.

डायक्स्ट्रा यांनी उत्तर काम करून दिलं. परतीचा पत्ता, तुकड्याचे आकडे, अर्धवट गणितं, सगळं एकाच उतरंडीवर ठेवा. तुकड्यात शिरलं की वर एक थर चढतो, बाहेर पडलं की उतरतो. ऑगस्ट १९६० मध्ये त्यांनी आणि याप झोनेफेल्ड यांनी अल्गोल ६०चा कम्पायलर पूर्ण केला. तो होईपर्यंत दाढी करायची नाही असं दोघांनी ठरवलं होतं. झोनेफेल्डनी नंतर लवकरच केली. डायक्स्ट्रांनी जन्मभर ठेवली.

कुणाच्या बाजूने निकाल लागला हे पुढच्याच वर्षी ब्रायटनमध्ये दिसलं. तिथे अल्गोल ६०च्या वर्गाला टोनी होर नावाचा तरुण आला होता. आकडे क्रमाने लावायची एक झकास पद्धत त्याला आधीच सुचली होती, पण ती दुसऱ्यांना समजावून सांगताना त्याच्या नाकीनऊ येत. रिकर्शन शिकल्यावर तीच पद्धत त्याला सरळ लिहिता आली. ती म्हणजे क्विकसॉर्ट, दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासक्रमातली.

खोटी चिठ्ठी

डायक्स्ट्रांच्या मांडणीत माहिती आणि परतीचा पत्ता एकाच उतरंडीवर शेजारी शेजारी राहतात. त्याची किंमत २ नोव्हेंबर १९८८ रोजी कळली. 'मॉरिस वर्म' नावाचा प्रोग्राम त्या दिवशी इंटरनेटवर सुटला आणि हजारो संगणक अडकून पडले. त्याच्या वाटांपैकी एक अशी: युनिक्समधला 'फिंगर' हा प्रोग्राम समोरून आलेली ओळ उतरंडीवरच्या ५१२ घरांत लिहून घ्यायचा. लिहून घेण्यासाठी तो सी भाषेच्या लायब्ररीतलं 'गेट्स' हे फंक्शन वापरायचा, आणि गेट्स घरं मोजायचंच नाही. वर्मने ५३६ अक्षरं पाठवली. जास्तीची अक्षरं शेजारच्या परतीच्या पत्त्यावर लिहिली गेली आणि तिथे वर्मने आपल्याला हवा तो पत्ता बसवला. प्रोग्राम काम संपवून घरी निघाला आणि चोराच्या दारात पोचला.

गेट्स हे फंक्शन सी भाषेच्या प्रमाणातून अखेर २०११ मध्ये काढलं गेलं. मध्ये तेवीस वर्षं गेली. लायब्ररीच्या कपाटात ठेवलेली गोष्ट बाहेर काढणं किती अवघड, याचं हे एक माप.

कपाटात ठेवताना

१९९० नंतर स्टॅक ही प्रत्येकाने आपापली लिहायची गोष्ट उरली नाही. भाषेबरोबर येणाऱ्या लायब्ररीत ती तयार मिळायला लागली. दोन भाषांनी ती कशी ठेवली हे शेजारी ठेवून बघण्यासारखं आहे.

१९९४ मध्ये अलेक्झांडर स्टेपानोव्ह आणि मेंग ली यांची लायब्ररी सी प्लस प्लसच्या प्रमाणासाठी स्वीकारली गेली. तिच्यातला स्टॅक हा स्वतः काही साठवत नाही. आत साठवणीचा दुसरा एखादा प्रकार असतो, आणि स्टॅक म्हणजे त्याभोवतीची भिंत. भिंतीला मोजकीच दारं: वर ठेवा, वरचं बघा, वरचं काढा, किती आहेत मोजा, रिकामा आहे का विचारा. मधलं मडकं ओढायची सोयच नाही.

यातली एक गोष्ट नवशिक्यांना हमखास खटकते. इथलं पॉप वरची वस्तू काढतं, पण तुमच्या हातात देत नाही. आधी 'टॉप'ने बघून घ्यायची, मग पॉपने फेकायची. हा उलटा कारभार कशाला? समजा पॉपने वस्तू काढून तिची नक्कल तुम्हाला दिली, आणि नक्कल करतानाच मेमरी संपून काम फसलं. वस्तू उतरंडीवरून गेलेली असते आणि तुमच्यापर्यंत पोचलेली नसते. त्याच १९९४ मध्ये टॉम कारगिल यांनी एका गाजलेल्या लेखात छापील पुस्तकी वळणाचा स्टॅक घेऊन अशा जागा एकेक दाखवल्या. आपण बिनचूक समजतो तो वीसेक ओळींचा स्टॅकही संकटात कसा फसतो, हे वाचून अनेक जाणते प्रोग्रामर चक्रावले. बघणं आणि काढणं वेगळं ठेवलं की वस्तू हरवत नाही, आणि फुकटची नक्कलही वाचते.

१९९६ मध्ये जावा आली. तिच्या लायब्ररीतही पहिल्या दिवसापासून स्टॅक होता. पण तो बांधताना सोपा रस्ता घेतला गेला. जावात 'व्हेक्टर' नावाची यादी आधीच होती, कुठेही घाला, कुठूनही काढा अशी. स्टॅकला या व्हेक्टरचा वारस केलं. वारसाला बापाची सगळी इस्टेट मिळते. त्यामुळे जावाच्या स्टॅकमध्ये पुश आणि पॉप आहेतच, शिवाय तिसऱ्या घरात काहीतरी घुसवा, मधलं उडवा, तळाचं बघा, हेही आहे. नाव उतरंड, आणि मधून हात घालायला खिडक्या.

जावाच्या लायब्ररीचा मोठा भाग ज्यांनी रचला त्या जोशुआ ब्लॉक यांनीच २००१च्या आपल्या पुस्तकात ही चूक स्पष्ट लिहिली: स्टॅक हा व्हेक्टर नव्हे, म्हणून त्याला वारस करायला नको होतं. २००६च्या अखेरीस जावाने 'ॲरेडेक' हा नवा प्रकार दिला, आणि स्टॅकऐवजी तो वापरा असं खुद्द स्टॅकच्या अधिकृत माहितीतच लिहिलेलं आहे. जुना स्टॅक मात्र तिथेच आहे. तो काढला तर त्याच्या खिडक्यांवर विसंबलेले जगभरचे जुने प्रोग्राम त्या दिवशी बंद पडतील. बदली करतानाही जपावं लागतं: जुन्या स्टॅकमधल्या वस्तू एकेक बघायला गेलं तर त्या तळापासून वर येतात, ॲरेडेकमध्ये वरून खाली.

आणि खरं बोलायचं तर ॲरेडेकही निखळ उतरंड नाही. त्याला दोन्ही टोकांना दारं आहेत. पायथनने तर वेगळा स्टॅक दिलाच नाही, साधी यादी वापरा आणि शिस्त तुमची तुम्ही पाळा म्हणून सांगितलं.

तुम्ही म्हणाल, खिडक्या असल्या तर बिघडलं काय? कधी मधलं बघावं लागतंच. संगणकावरच्या ब्राउझरमध्ये मागे जायचं बटण दाबून धरलं की मागच्या पानांची यादी येते आणि थेट चौथ्या पानावर उडी मारता येते. ती सोय कुणाला नकोय? बरोबर आहे. पण ती यादी आहे, आणि तिला यादी म्हणूनच ओळखलं तर कुणाची फसगत होत नाही. स्टॅक असं नाव वाचणारा माणूस एक गोष्ट धरून चालतो, की इथे वरच्याशिवाय कशाला कुणी हात लावलेला नाही. वर्षभराने आपलाच प्रोग्राम वाचताना त्या एका खात्रीवर पुढची पन्नास ओळींची तपासणी वाचते. खिडकी उघडी असेल तर पन्नासही वाचाव्या लागतात.

म्हणून पुढच्या वेळी स्टॅक हवा असेल तेव्हा लायब्ररीतून उचला, पण त्याला कोणती दारं आहेत ते आधी बघून घ्या. जास्त असतील तर स्वतःची दहा ओळींची भिंत बांधा आणि बाहेर ठेवा, बघा, काढा एवढंच ठेवा. आणि तोंडी परीक्षेत स्टॅक म्हणजे काय विचारलं तर 'लास्ट इन, फर्स्ट आउट' सांगाच. वेळ उरला तर ट्युरिंगच्या पुरलेल्या चिठ्ठ्या आणि म्युनिकचं तळघरही सांगा. परीक्षकांनाही कदाचित कुणी सांगितलेलं नसेल.